‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं आणि जुनंच होमपेज परत आलं

प्रश्न : ताई, मी एका छोट्या डिझाइन फर्ममध्ये काम करते. मागच्या महिन्यात इंग्लंडमधल्या एका क्लायंटच्या वेबसाइटचं नवीन होमपेज आम्ही चढवलं आणि मी मेल टाकला, ‘न्यू होमपेज इज लाइव्ह, प्लीज रिव्हर्ट.’ म्हणजे बघून कळवा, एवढंच. दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर त्यांच्या टेक्निकल माणसाने जुनं होमपेज परत लावून ठेवलेलं! वर मेल, ‘रिव्हर्टेड, अ‍ॅज रिक्वेस्टेड.’ बॉस माझ्यावर उखडले, पण ते स्वतः दिवसभर हेच लिहितात. चूक नक्की कोणाची? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पत्र वाचून आधी पोटभर हसले, सॉरी. पण त्या माणसाची काही चूक नाही हो. त्याच्या इंग्रजीत रिव्हर्ट म्हणजे पूर्वी होतं तसं परत होणं किंवा करणं, आणि सॉफ्टवेअरवाल्यांचा तर हा रोजचा शब्द, केलेला बदल मागे घ्यायचा की रिव्हर्ट मारायचं, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच नावाची कमांड आहे. तुम्ही सांगितलंत, त्याने केलं.

शब्द मूळचा लॅटिन, ‘रे’ म्हणजे मागे आणि ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळवणं. गंमत अशी की हे व्हर्तेरे आणि आपला संस्कृत ‘वृत्’ धातू एकाच कुळातले, परावर्तन, आवर्तन, निवृत्ती यातला तोच. मी तर रिव्हर्ट दिसलं की मनात ‘मागे वळणं’ असंच वाचते, मग गोंधळ होत नाही.

वापरायचं कसं, तर पुढे बहुतेक वेळा ‘टू’ येतं आणि त्याच्या पुढे ती जुनी अवस्था. लेनिनग्राडचं १९९१ मध्ये परत सेंट पीटर्सबर्ग झालं, तिथे ‘द सिटी रिव्हर्टेड टू इट्स ओल्ड नेम’. माझ्या गॅलरीत पांढऱ्या-हिरव्या पानांचा मनी प्लांट आहे, त्याला मध्येच एक फांदी नुसती हिरवी फुटली, आणि हिरव्या पानात हरितद्रव्य जास्त म्हणून ती अशी जोमात सुटली की वेळेवर कापली नसती तर सगळा वेल साधा हिरवा झाला असता, ह्याला झाडंवाले रिव्हर्ट होणं म्हणतात. आणि घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर त्यांना विचारा, ‘रिव्हर्शन आलं’ म्हटलं की चेहरा पडतो, तात्पुरतं प्रमोशन गेलं आणि माणूस परत मूळ पदावर.

टूच्या पुढे माणूसही येऊ शकतो, पण तो कायद्याच्या भाषेत. लीज संपली की जमीन मूळ मालकाकडे परत, ‘द लँड रिव्हर्ट्स टू द ओनर’. आता ह्या चष्म्यातून आपलं ‘आय विल रिव्हर्ट टू यू’ वाचा बरं. मुदत संपली की मी तुमच्या मालकीची!

मग उत्तर देणं हा अर्थ आपल्याकडे कुठून आला? मला वाटतं ‘गेट बॅक टू यू’ फार घरगुती वाटलं असणार, त्याला कोट-टाय घातला आणि रिव्हर्ट झालं. जुन्या पत्रांत आपण ‘उलट टपाली कळवावे’ लिहायचोच की, त्यातलं ‘उलट’ इथे फिट बसलं. सिंगापूर-मलेशियातही हा वापर चालतो, आणि काही डिक्शनऱ्यांनी ‘भारतीय इंग्रजी’ अशी खूण करून तो घेतलाय, त्यामुळे नाशिकहून पुण्याला मेल करताना खुशाल लिहा, कोणी जुनं होमपेज लावणार नाही. बाहेर मात्र ‘प्लीज रिप्लाय’ किंवा ‘लेट मी नो व्हॉट यू थिंक’. साधं आहे पण काम होतं.

एक मात्र कुठेच लिहू नका, ‘रिव्हर्ट बॅक’. ते आपल्या ‘परत रिटर्न आला’सारखं, बॅक त्यात आधीच बसलेलं आहे.

बॉसना हे दाखवायचं की नाही ते तुम्ही बघा. नवीन होमपेज परत लावायला सांगणं हेही खरं तर रिव्हर्टच झालं, पण त्या माणसाला आता तो शब्द नकोच, ‘प्लीज पुट द न्यू होमपेज बॅक’ असं स्वच्छ लिहा.