टिपणीत काय लिहिलं होतंस?

चि. म्हणू की मुख्याधिकारी मॅडम, ते तूच ठरव.

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला. "काका, सभागृहाने माझा आठवडे बाजार पुन्हा मेन रोडवर आणायचा ठराव केला. उद्याच कलेक्टरांकडे कलम 308 चा प्रस्ताव पाठवते, ठरावाला स्थगिती मागते." मी एवढंच विचारलं, की विषयासोबत सभेपुढे ठेवलेल्या टिपणीत काय लिहिलं होतंस? तू जरा थांबलीस. म्हणालीस, "नेहमीचंच. सभेपुढे निर्णयार्थ सादर."

त्या तीन शब्दांनी माझी झोप घालवली. बाजार कुठेही भरला तरी भाजी विकली जाईलच.

आधी त्या 'माझा'चं बघू. बाजार मैदानावर हलवलास तेव्हा तू प्रशासक होतीस. टिपणी तुझी, ठरावही तुझाच. समोरच्या खुर्च्या रिकाम्या. भल्याभल्यांना या काळाची चटक लागली. नगरपालिकांच्या मुदती संपून वर्षं उलटली, निवडणुका होईनात, आणि आपल्या अधिकारी लोकांना वाटायला लागलं की कारभार असाच बरा चालतो. डिसेंबर 2025 मध्ये मतदान झालं. आता अध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला आहे आणि तुझ्यासमोर नगरसेवक बसलेत. त्यातले चार जण आरडाओरडा करणारे असतील. असू देत. वॉर्डात रात्री नळाला पाणी आलं नाही तर लोक त्यांच्या दारात जातात, तुझ्या क्वार्टरवर येत नाहीत.

1965 च्या नगरपालिका कायद्याने तुला सभेत बसायला जागा दिली, बोलायची मुभा दिली, मत मात्र दिलं नाही. सुरुवातीला मला हा अपमान वाटायचा. आता वाटतं, फार शहाण्या माणसाने लिहिलंय ते. मत नाही, म्हणून तर टिपणी आहे. जे म्हणायचं ते टिपणीत म्हण. मतदानाआधी, सगळ्या नगरसेवकांना वाचता येईल अशा मराठीत.

हा वाद आजचा नाही. क्रॉफर्ड मार्केटवाले आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. कामं धडाक्याने केली आणि खर्चही तसाच केला. 1871 मध्ये करदाते खवळले. कमिशनरचे अधिकारच काढून घ्या, कारभार मंडळाकडे द्या, अशी मागणी झाली. तेव्हा फिरोजशहा मेहता नावाचा एक तरुण वकील म्हणाला, अंमल एकाच जबाबदार माणसाकडे राहू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्यांचा वचक ठेवा. 1872 च्या कायद्याने 64 जणांची कॉर्पोरेशन आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. मेहतांचं वय तेव्हा सव्वीस. तुझंही तेवढंच ना? महापालिकेसमोर पुतळा आहे त्यांचा, मुंबईला गेलीस तर जाऊन बघ.

वचक ठेवायचा तर समोरच्याला माहिती हवी. ती तू देणार टिपणीतून. आणखी कोण देणार?

आता माझं सांगतो. ऐकायला बरं नाही, तरी ऐक.

मुख्याधिकारी म्हणून माझी तिसरी नेमणूक. खेळाच्या मैदानासाठी आरक्षित जागेवर गाळे बांधायचा विषय आला. ठराव बेकायदा होता, आजही तसंच म्हणेन. पण टिपणीत मी लिहिलं, "सभेने योग्य तो निर्णय घ्यावा." सभेत तोंड मिटून बसलो. ठराव एकमताने झाला आणि चार दिवसांनी मी गुपचूप कलेक्टरांकडे प्रस्ताव पाठवला. स्थगिती आली. स्टाफने पेढे आणले, मीही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी नगराध्यक्षा माझ्या केबिनमध्ये आल्या. महिला राखीव जागेवरून आलेल्या, शाळा सातवीपर्यंत. इतिवृत्ताचं रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं, माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. कोपरानं ढोसलं असतं तरी कळलं असतं मला."

रस्ता रुंदीकरणात उठवलेल्या टपरीवाल्यांसाठी त्यांना जागा हवी होती. जुन्या जकात नाक्यामागे नगरपालिकेचीच जमीन पडून होती. मला माहीत होती, त्यांना नव्हती. मी बदलून गेलो तोवर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. टपरीवाले रस्त्यावरच राहिले.

तू म्हणशील, पण मैदान वाचलं ना? वाचलं. मीही इतकी वर्षं स्वतःला हेच सांगतोय. शिवाय दोन वर्षांत दोन बदल्या झालेल्या, मुलगी दहावीला, सभेत वैर घ्यायची हिंमत नव्हती. हे सगळं खरंच आहे. तरी टिपणी लिहायला हिंमत कितीशी लागते? दोन परिच्छेद. ते मी लिहिले नाहीत.

फोनवर तू नवी मुंबईचे तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढेसाहेबांचं नाव काढलंस. 2016 च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या सभागृहाने त्यांच्यावर अविश्वास मंजूर केला, सरकारने लगेच हलवलं नाही, पुढच्या मार्चमध्ये बदली झाली. त्यांची लढाई त्यांना माहीत. तुझ्यापुढे बाजाराचा विषय आहे, त्यात हिरो व्हायचं काय आहे? 308 बेकायदा ठरावासाठी, लोकांना धोका असेल तेव्हासाठी ठेव. तुझा निर्णय फिरवला, हा काही धोका नाही.

सोमवारी अध्यक्षांना भेट. बाजाराच्या दिवशी मेन रोडवर अँब्युलन्स अडकल्याचं म्हणत होतीस. त्याची तारीख-वार नोंद ने. मैदानावर पाण्याची सोय नाही आणि पावसात चिखल होतो, हेही आपणहून सांग. ती तुझी चूक होती, आणि बाजारवाल्या बायका त्याच रागाने नगरसेवकांकडे गेल्या असणार. चहा दिला तर घे. मग पुढच्या सभेसाठी विषय नव्याने मांड.

टिपणीचा कच्चा मसुदा आधी मला व्हॉट्सअ‍ॅप कर. त्यात 'निर्णयार्थ सादर' दिसलं तर फोन उचलणार नाही.

तुझा,
काका