पहिला हंट, तोही बिथरणाऱ्या घोडीवर: तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये राहता, तीन वर्षं घोडेस्वारी करता, आठ वर्षांची आयरिश घोडी आहे. एकटी असली की शहाणी, चार घोडे जवळ आले की जागच्या जागी नाचते, कोणी पुढे गेलं की लगाम ओढून त्याच्या मागे धावते. मार्चमध्ये तिच्यावरून एकदा पडलात. आता तबेल्यातल्या मैत्रिणी म्हणतायत, नोव्हेंबरमध्ये आमच्याबरोबर हंटला चल. (हंट म्हणजे माग काढणाऱ्या हाउंड्सच्या, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या, मागे घोळक्याने घोडे पळवणं.) जायचंय, पण पोटात गोळा येतो.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. जा, पण तुम्हा दोघींचा पहिला हंट एकाच दिवशी नको. तुम्ही पहिल्यांदा जाल ती भाड्याच्या, मुरलेल्या घोड्यावर. घोडी पहिल्यांदा जाईल ती मुरलेल्या स्वाराखाली. तिसऱ्या खेपेला दोघी मिळून. हंटसाठी भाड्याने घोडे देणारे तबेले असतात. स्वस्त नसतात, पण मोडलेल्या कॉलरबोनपेक्षा स्वस्तच.

हे मी उलटं करून शिकले. माझी घोड्याची ओळख लहानपणी माथेरानच्या दस्तुरी नाक्यापुरती. तिथल्या तट्टाला पाठीवर कोण बसलंय याच्याशी काही देणंघेणं नसतं, रस्ता त्याला पाठ असतो. इथे इंग्लंडमध्ये पस्तिशीत रीतसर शिकले आणि दुसऱ्याच वर्षी एका तरण्या घोड्यावर हंटला गेले. दोघंही नवशिके. पटांगणात चाळीसेक घोडे, त्यात हाउंड्स येताना दिसले आणि माझ्या घोड्याचं अंग थरथरायला लागलं, अगदी जुन्या फ्रीजसारखं. शिंग वाजलं आणि आम्ही फील्ड मास्टरच्या पुढे निघून गेलो. फील्ड मास्टर म्हणजे मागच्या सगळ्या स्वारांचा म्होरक्या. त्याच्या पुढे जाणं म्हणजे पंगतीत श्लोक व्हायच्या आधी भाताचा घास घेणं. दोनदा माफी मिळाली. तिसऱ्यांदा अत्यंत सभ्य शब्दांत घरी पाठवलं. घोड्याचा दोष नव्हता. त्याला वाटत होतं आपला कळप पळतोय, आणि पाठीवरची बाई किंचाळून तेच सांगत होती.

कुठला हंट, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडचा वाचक पहिल्यांदा विचारणार, ‘कोल्ह्याची शिकार?’ तर नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या टोळीने कोल्हा मारण्यावर हंटिंग ॲक्ट २००४ ने बंदी आली, ती १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. त्यानंतर बहुतेक जुने हंट ‘ट्रेल हंटिंग’ करतात, म्हणजे आधी टाकून ठेवलेल्या वासाचा माग. त्याच्या आडून जुनंच चालतं असा आरोप आहे, काही प्रकरणं कोर्टात गेली आहेत, आणि २०२४ च्या जाहीरनाम्यात लेबर पक्षाने त्यावरही बंदीचं वचन दिलं होतं. मला त्या वादात तुम्हाला ओढायचं नाही, पण पहिल्या वेळेसाठी माझी शिफारस ब्लडहाउंड्सच्या पॅकची (पॅक म्हणजे हाउंड्सची टोळी). तिथे माग असतो माणसाचा. एक धावपटू आधी सोडतात, हाउंड्स त्याच्या अंगाचा वास घेत शेतांतून जातात आणि सापडल्यावर त्याला चाटून ओला करतात. याला ‘क्लीन बूट’ म्हणतात. घाबरणाऱ्यासाठी फायदा असा की मार्ग आधी ठरलेला असतो. कुठे उडी आहे, कुठून वळसा घालता येतो, पुढची धाव किती लांब, हे आधी विचारता येतं. दोन धावांच्या मध्ये थांबायलाही मिळतं. ड्रॅगहाउंड्सच्या नादी मात्र इतक्यात लागू नका. वासही कृत्रिम, मार्गही ठरलेला, पण वेग अंगावर येतो.

आता घोडी. प्रशिक्षणाआधी दुखणं तपासा. दात, पाठ, खोगीर आणि पोटातला अल्सर या चारांपैकी एकही बिघडलेलं असेल तर गर्दीतला नाच हा स्वभाव नसून तक्रार असू शकते. माझ्या ओळखीतली एक ‘डोक्यात गेलेली’ घोडी नवं खोगीर आल्यावर तीन आठवड्यांत माणसात आली. पशुवैद्य आणि खोगीर बसवणारा दोघांनाही बोलवा, सप्टेंबरच्या आत. आणि खुराक बघा. ‘हंटची तयारी’ म्हणून लोक ओट्स वाढवतात आणि मग घोडी पेटते म्हणून रडतात. गवत भरपूर, दाणा कामाच्या मानाने, आणि जमेल तितका वेळ मोकळ्या कुरणात.

दम वाढवायला आठ आठवडे धरा. आधी डांबरी रस्त्यावर नुसती चाल, मग चढावर दुडकी, मग कॅंटर (दुडकीच्या वरची धाव). हे सगळे करतात. जे कोणी करत नाही ते म्हणजे उभं राहण्याचा सराव. हंटमध्ये पळणं जेवढं, तेवढंच ताटकळणं असतं. हाउंड्सचा माग सुटला की वीस-वीस मिनिटं भिजत, वाऱ्यात, दुसऱ्यांच्या घोड्यांच्या ढुंगणाकडे बघत उभं राहायचं. अवघड घोडं पळताना बिघडत नाही, ते इथे बिघडतं. आणि तुम्ही पडाल तर बहुधा इथेच.

म्हणून एका समजूतदार मैत्रिणीला तिच्या म्हाताऱ्या घोड्यासकट पटवा. दोघी शेजारी चाला. मैत्रीण पाच पावलं पुढे जाऊन थांबेल, तुमची उभी राहील. राहिली की लगाम सैल, मानेवर हात. मग दहा पावलं, मग झाडाआड. दुसऱ्या दिवशी मैत्रीण दुडकीने मागून येऊन पुढे निघून जाईल आणि तुम्ही चालतच राहाल. आधी खूप अंतर ठेवून, मग जवळून. घोडी नाचली तर अंतर गरजेपेक्षा कमी केलंत एवढाच त्याचा अर्थ. रागवायचं काही नाही, मागच्या अंतरावर परत जायचं. दोन घोड्यांत जमलं की चार, मग सहा. फाटकाचा सरावही करा. एकजण उतरून फाटक लावतो, तो परत खोगिरावर बसेपर्यंत बाकीचे थांबतात. ही नुसती रीत नाही, सगळे पळाले तर त्या बिचाऱ्याचा घोडा एका रिकिबीत पाय अडकलेल्या माणसासकट पळतो.

यातला सगळ्यात कठीण धडा म्हणजे कळप सोडून निघणं. सहा घोडे डावीकडे, तुम्ही एकट्या उजवीकडे, पन्नास पावलं, थांबणं, गवताचा एक घास, परत. ज्या घोडीला हे जमतं तिला हंटमधून मध्येच घरी नेता येतं. ज्या घोडीला जमत नाही तिच्यावर तुम्ही दिवसभराच्या कैदी.

हाउंड्सची ओळख उन्हाळ्यातच करून द्या. तेव्हा पॅकला व्यायामाला बाहेर काढतात, आधी सायकलवरून, नंतर घोड्यांवरून. पॅकच्या मास्टरला, म्हणजे प्रमुखाला, नम्रपणे विचारलं तर लांबून मागे येऊ देतात. घोड्याला बरोबर मागे आणि कपाळासमोर दिसत नाही. पायांत अचानक काही शेपटीवालं आलं की लाथ बसते, आणि हाउंडला लाथ हे या दुनियेतलं महापातक आहे. म्हणून नियम असा की हाउंड्स जवळून जाताना घोड्याचं तोंड त्यांच्याकडे, मागचे पाय कुंपणाकडे. (त्यांना चुकूनही ‘कुत्रे’ म्हणू नका. मोजतातही जोडीने. पस्तीस असतील तर ‘साडेसतरा जोड्या’. मला अजून हसू येतं.)

घोडी लाथ मारणारी असेल तर शेपटीला लाल फीत, नवखी असेल तर हिरवी. लाल फीत म्हणजे परवाना नव्हे. ती बांधून मध्ये घुसणारे लोक असतात, तुम्ही कडेला आणि मागेच राहा.

आता तुम्ही. भीती घोडीपर्यंत पोचते का? पोचते. २००९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना घोडा घेऊन ठरलेल्या वाटेवरून चार फेऱ्या मारायला सांगितल्या. चौथ्या फेरीआधी सांगितलं, आता घोड्याजवळ छत्री उघडणार. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या छातीचे ठोके वाढले, आणि छत्रीचं काहीच ठाऊक नसलेल्या घोड्यांचेही वाढले. त्यामुळे ‘घाबरू नकोस’ हा सल्ला फुकट आहे, ठोके काही सांगून कमी होत नाहीत. श्वास मात्र हातात असतो. मी मोठ्याने पाढे म्हणते. बोलायचं तर श्वास सोडावाच लागतो, आणि श्वास सुटला की खांदे खाली येतात. दोनचा पाढा उपयोगाचा नाही, तो तोंडपाठ असतो. एकोणतीसचा घ्या. एकोणतीस सत्ते दोनशे तीनपर्यंत येईतो डोक्यात भीतीला जागा उरत नाही. शेजारचे इंग्रज हा काहीतरी मंत्र आहे असं समजतात. समजू द्या.

मानेभोवती जुन्या रिकिबीचा पट्टा बांधा. घोडी उसळली की पट्टा धरायचा, लगामाला लटकायचं नाही. त्यात लाज कसली, जुने हंटवालेही धरतात. ओढ घेणाऱ्या घोडीला सतत खेचलं तर ती तुमच्या दोन हातांवर रेलून पळते. मांड खाली, एकदा घट्ट, लगेच सैल, पुन्हा घट्ट. बिट (तोंडातली लगामाची कडी) कडक लागणार असेल तर ती घरी, मैत्रिणींच्या घोळक्यात, चार-पाच वेळा घालून बघा. हंटच्या दिवशी नवीन काहीही नको, मोजेसुद्धा. आणि घोडी मागच्या पायांवर उभी राहत असेल तर हे सगळं सोडा, तिला आधी जाणत्या प्रशिक्षकाकडे पाठवा. प्रश्नात तसं काही नाही, म्हणून मी नाही असं धरलंय.

दिवस निवडताना हंगामाचा ओपनिंग मीट (मीट म्हणजे हंटआधी सगळ्यांनी जमणं) आणि बॉक्सिंग डे (२६ डिसेंबर) हे दोन दिवस टाळा. गर्दी, प्रेक्षक, बाबागाड्या, भोपू, सगळं असतं. शनिवार-रविवार सोडून साधासा वार बघा, तेव्हा स्वार कमी असतात. पॅकच्या सेक्रेटरीला आधी फोन करून खरं सांगा: मी नवी, घोडी नवी, उड्या मारणार नाही. न उडणाऱ्यांचा वेगळा गट आणि त्याचा वेगळा म्होरक्या असतो का, तेही तिथेच विचारा. लपवलंत तर लोक चिडतात, सांगितलंत तर कोणीतरी पोक्त बाई दिवसभर तुमच्या शेजारी घोडा ठेवते. माझ्या शेजारी होती. तिने मला तिच्या फ्लास्कमधली स्लो जिन (रानफळांची दारू) देऊ केली. तुम्ही घेऊ नका, निदान पहिल्या धावेआधी नको. खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवा.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नका. हंगामाच्या सुरुवातीला ट्वीड, नंतर काळा किंवा नेव्ही कोट, गळ्यात पांढरा स्टॉक (गळपट्टा), त्याची पिन आडवी (उभी असली आणि पडलात तर गळ्यात जाते). हेल्मेट नव्या सुरक्षा-मानकाचं. आत बॉडी प्रोटेक्टर घाला, कोणी नाक मुरडलं तरी.

गाडी मीटच्या दारात लावू नका. मैलभर अलीकडे लावून तिथून दुडकीने या, म्हणजे पहिली वाफ वाटेतच निघते. पोचल्यावर पैसे द्या, मास्टरला ‘गुड मॉर्निंग’ म्हणा (घड्याळात कितीही वाजले असोत), आणि मग गर्दीत उभं न राहता कडेने घोडीला चालवत राहा. लोक सॉसेज रोल खात गप्पा मारतील, मारू द्या.

आणि तासाभराने घरी या. घोडी शहाण्यासारखी वागत असताना, तुम्हाला अजून थोडं थांबावंसं वाटत असताना. हेच लोकांना जमत नाही. ‘आता कुठे रंगात आलीय’ म्हणून थांबतात, तिसऱ्या तासाला घोडी दमते, तुमचे पाय दमतात आणि मग जे घडतं तेच तिच्या लक्षात राहतं. फील्ड मास्टरला सांगून, घाई न करता, चालत निघा. तो कळप सोडण्याचा सराव आता कामाला येईल. जाताना ‘गुड नाइट’ म्हणतात, दुपारचा एक वाजला असला तरी.

घरी आल्यावर घाम सुकेपर्यंत हातात धरून चालवा, पाणी, गवत, पांघरूण. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही पाय हाताने चाचपा. ब्लॅकथॉर्नचा (कुंपणातल्या काटेरी झुडपाचा) काटा बारीक असतो, वरून दिसतही नाही, आणि सांध्यात शिरला तर घोडं गमावू शकता. कुठे गरम, सुजलेलं वाटलं, दुडकीत लंगडली, तर थांबून बघू म्हणू नका, लगेच पशुवैद्याला फोन करा. काही नसलं तर तिला कुरणात सोडा आणि तो दिवस सुट्टी द्या. तुमच्या मांड्या जिना उतरू देणार नाहीत, त्याला मात्र पशुवैद्य लागत नाही.