चॉकलेट सिस्ट : आधी दुखणं की आधी बाळ?

प्रश्न : वय ३१. वर्षभराहून जास्त काळ प्रयत्न करूनही दिवस राहिलेले नाहीत. पाळीचे पहिले दोन दिवस ऑफिसला जाता येत नाही, इतकं पोट दुखतं. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात ४ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली. एक डॉक्टर म्हणतात, सहा महिने डायनोजेस्ट (हार्मोनची गोळी) घ्या. दुसरे म्हणतात, दुर्बिणीतून काढून टाका. सासूबाईंचं म्हणणं, एक मूल झालं की सगळं आपोआप बरं होतं. कुणाचं ऐकू? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : दोन्ही सल्ले मुख्यतः दुखण्यावरचे आहेत आणि तुम्हाला हवंय बाळ. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात; अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताची गाठ) त्यातलीच. या आजारात घोळ होतो तो इथेच. डायनोजेस्ट रोज २ मिलिग्रॅम घेतली की दुखणं बरंच आटोक्यात येतं, पण ती चालू असताना बहुतेकींचं स्त्रीबीज फुटतच नाही. म्हणजे ते सहा महिने वाया. आधी आजार दाबला की पुढे लवकर दिवस राहतील, असंही नाही. बाळ लांबवायचं असेल तर गोळी चांगली. आत्ता हवं असेल तर नको.

ऑपरेशनचं जरा नाजूक आहे. सिस्टची भिंत अंडाशयाला चिकटलेली असते. ती सोलताना सोबत चांगली स्त्रीबीजंही जातात, आणि रक्त थांबवायला डागलं तर आणखी जातात. म्हणून आधी दोन तपासण्या करून घ्या. पहिली एएमएच, म्हणजे स्त्रीबीजांचा साठा सांगणारं हार्मोन. त्यासाठी पाळीच्या कुठल्याही दिवशी रक्त देता येतं. दुसरी, पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी आतून सोनोग्राफी करून लहान फॉलिकलची (स्त्रीबीज वाढतं त्या पिशव्यांची) मोजणी. एएमएच कमी आलं म्हणून हाय खाऊ नका. स्त्रीबीजं शिल्लक किती, एवढाच अंदाज त्यातून मिळतो. या महिन्यात दिवस राहतील की नाही, ते कळत नाही. दुखणं औषधांना दाद देत नसेल, सिस्ट वाढत असेल किंवा दिसायला संशयास्पद असेल, तर ऑपरेशन जरूर करा. आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) आधी ‘साफसफाई’ म्हणून मात्र नको. ऑपरेशन केलंच, तर सर्जनकडून ईएफआय स्कोअर मागा. त्यानंतर नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता किती, ते त्यावरून कळतं. वय, प्रयत्नांची वर्षं आणि ट्यूबची (गर्भनलिकांची) अवस्था वगैरे धरून ० ते १० गुण देतात. गुण चांगले असतील तर लगेच नैसर्गिक प्रयत्न सुरू करता येतात.

मिस्टरांच्या वीर्यतपासणीचा पत्रात उल्लेखच नाही! ती पहिल्याच आठवड्यात करा. त्याआधी २ ते ७ दिवस संबंध नकोत. नमुना तासाच्या आत लॅबमध्ये पोचायला हवा. कर्वे रस्त्याची संध्याकाळ बघता लॅबमध्येच दिलेला बरा. तुमच्या ट्यूब मोकळ्या आहेत का ते बघणारा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, साधारण दहाव्या दिवसाच्या आत होते. सगळं ठीक निघालं तर गोळ्या-इंजेक्शनांसह तीन-चार आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं), नाहीतर आयव्हीएफ.

तोवर दुखण्याला मेफेनामिक ॲसिड चालेल, पण जेवणानंतर आणि दुखायला लागताच. असह्य होईपर्यंत थांबलात तर ती नीट लागू पडत नाही. स्त्रीबीज फुटण्याच्या सुमारास ती, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, सगळ्याच टाळा. फॉलिकल फुटणं अडू शकतं. तेव्हा पॅरासिटामॉल घ्या.

सासूबाईंचं अर्धं खरं आहे. गरोदरपणी पाळी बंद, म्हणून बऱ्याचजणींना आराम पडतो. पाळी परतली की दुखणंही परतू शकतं.

प्रश्न : वय ३६, दोन्ही अंडाशयांवर सिस्टचं ऑपरेशन झालंय, एएमएच ०.८. सहा आययूआय करायला सांगितलंय. करू का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : आमचं मत, नको. वय, कमी एएमएच आणि दोन्हीकडची शस्त्रक्रिया हे तिन्ही एकत्र असताना सहा महिने घालवणं परवडणारं नाही. थेट आयव्हीएफबद्दल बोला. पहिल्याच भेटीत विचारा : माझ्या फॉलिकल मोजणीवरून एका वेळी किती स्त्रीबीजं मिळतील, आणि कमी मिळाली तर पुढे काय? सेंटरची २०२१च्या एआरटी (सहायक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदणी आहे ना, तेही पाहा.

प्रश्न : रक्ततपासणीत सीए-१२५ वाढून ७८ आलंय. कॅन्सर असेल का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. सर्वसाधारण मर्यादा ३५ धरतात, पण एंडोमेट्रिओसिसमध्ये आणि पाळीच्या दिवसांतही आकडा वाढतो. निर्णय सिस्ट सोनोग्राफीत कशी दिसते यावर होतो. रिपोर्टपेक्षा त्या फिल्म घेऊन डॉक्टरांकडे जा.