भोसरीतल्या शेडमधल्या मेझनाइनच्या (मधल्या माळ्याच्या) एफईए मॉडेलसाठी (रचनेचे छोटे एलिमेंट पाडून संगणकावर ताण काढणं) बीम एलिमेंट (रेषेसारखं) घ्यावं की सॉलिड (पूर्ण थ्रीडी)?

आयएसएमबी २०० (२०० मिमी खोलीची आय-आकाराची पोलादी तुळई), स्पॅन ६ मीटर, म्हणजे लांबी खोलीच्या ३० पट. डोळे झाकून बीम एलिमेंट घ्या. (१० पटीच्या खाली असतं तर विचार करावा लागला असता.) आयएस ८०० च्या (पोलादी बांधकामाचं भारतीय मानक) तपासणीला मोमेंट (वाकवणारा परिणाम), शिअर (कातरणारं बल), अक्षीय बल लागतं, बीममधून ते थेट मिळतं, सॉलिडमधून सेक्शन कापून काढत बसावं लागतं. शिवाय वेब (तुळईचा उभा पातळ भाग) जेमतेम पावणेसहा मिमी. जाडीत पहिल्या ऑर्डरचा (फक्त कोपऱ्यांवर नोड, म्हणजे जोडबिंदू, असलेला) एकच टेट्रा (चार पृष्ठांचं सॉलिड एलिमेंट) टाकलात तर मॉडेल खोटं ताठ होतं आणि डिफ्लेक्शन कमी दिसतं.

बीममध्ये हमखास चुकतं ते ओरिएंटेशन. सेक्शन आडवा पडला तर इनर्शिया (वाकण्याला सेक्शनचा विरोध) सुमारे १५ पट घटतो, म्हणून सेक्शनचा थ्रीडी व्ह्यू चालू करूनच रन द्या.

सॉलिड फक्त गसेट (जोडपट्टी), बोल्टची भोकं, बेसप्लेट यांपुरतं, तेही दुसऱ्या ऑर्डरचं (कडांच्या मध्यावरही नोड असलेलं). सॉलिडच्या नोडला रोटेशन नसतं; बीम एकाच नोडला जोडलात तर तिथे बिजागरी होते. आरबीई२ ने (नोड एकमेकांना ताठ बांधणारी जोडणी) पूर्ण सेक्शनचे नोड बांधा. वेल्डच्या धारदार कोपऱ्यातला ताण मेश (एलिमेंटची जाळी) बारीक करू तसा वाढतच जाईल, तो आकडा रिपोर्टात घालू नका.