पावसाळाभर उभी राहिलेली जुनी ऑम्नी सुरू होत नसेल तर

आपली १९९२ ची कार्ब्युरेटरवाली ऑम्नी जूनपासून चिपळूणच्या घरी अंगणात उभी होती, आता नवी बॅटरी टाकूनही सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही आणि गॅरेजवाल्यांनी कार्ब्युरेटरच बदलायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. कार्ब्युरेटर आत्ता विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेल्फ जोरात फिरतो म्हटल्यावर बॅटरी, सेल्फ आणि जाड केबल यांची शंका बहुतांशी मिटते. मग राहतात दोनच गोष्टी, करंट आणि पेट्रोल. या दोहोंपैकी नेमके काय येत नाही हे कळेपर्यंत एकही सुटा भाग बदलू नये, कारण जुन्या गाडीत न बिघडलेला भाग बदलला की मूळ दोष तसाच राहतो आणि नव्या भागाच्या जुळवणीचा गोंधळ वर वाढतो.

सुरुवात करंटपासून करावी, आणि तीही पेट्रोलची नळी सोडण्याआधी. ऑम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली बंदिस्त जागेत असते. तिथे पेट्रोलची वाफ साचलेली असताना ठिणगी पाडणे धोक्याचे आहे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, दोन्ही दारे उघडी ठेवावीत आणि सीट उचलावी. एक प्लग काढून तो पुन्हा त्याच्या वायरमध्ये बसवावा, प्लगच्या उघड्या छिद्रापासून दूर त्याचा धातूचा भाग इंजिनला नीट टेकवावा, वायर रबरी मुठीच्या पक्कडीने धरावी आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. ठिणगी निळसर आणि चटचट आवाज करणारी हवी. पिवळी, बारीक किंवा अधूनमधून पडणारी ठिणगी उघड्यावर दिसली तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली ती पडेलच याचा भरवसा नसतो, म्हणून तिला ठिणगी नाही असेच धरावे.

कोकणातल्या दमट हवेत महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत माझा पहिला संशय डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागातल्या) पॉइंटवर, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन धातूच्या तोंडांवर असतो. आपल्या गाडीला नंतर कुणी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले नसेल, तर डिस्ट्रिब्युटरची कॅप काढल्यावर रोटरखाली, म्हणजे आतल्या फिरत्या तुकड्याखाली, हे पॉइंट दिसतील. स्क्रू ड्रायव्हरने ते हलकेच उघडून पाहावेत. चकचकीत धातूऐवजी तोंडावर राखाडी, मळकट थर दिसला, तर कॉइलच्या (बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब ठिणगीपुरता वाढवणाऱ्या भागाच्या) प्राथमिक वेढ्यांतून करंट पुरता वाहतच नाही आणि ठिणगी मरते. हा थर इतका पातळ असतो की घाईत पाहणाऱ्याला पॉइंट चांगलेच वाटतात. बारीक पॉलिश पेपर दोन्ही तोंडांमधून सावकाश ओढावा, मग कोरा कागद ओढून भुकटी काढावी आणि पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजने ०.४ ते ०.५ मिलिमीटर फट ठेवावी. सेल्फ फिरताना पॉइंटवरच मोठ्या ठिणग्या उडत असतील आणि प्लगवर मात्र ती दुबळी असेल, तर कंडेन्सर, म्हणजे पॉइंटला जोडलेला आणि त्यांच्यावरची ठिणगी दाबणारा छोटा भाग, गेलेला असतो. तो स्वस्त असतो, जरूर बदलावा.

कॅप हातात आहेच, तर ती उजेडात आतून पाहावी. ओल धरलेली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. पण दोन खुंट्यांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर करंट त्या वाटेने गळतो आणि ती कॅप पुसून सुधारत नाही. चावी चालू असताना कॉइलच्या धन टोकावर मल्टिमीटरने सुमारे १२ व्होल्ट यायला हवेत. तिथे काहीच आले नाही, तर फ्यूज आणि वायरिंग तपासावे. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा सीटखालची प्रत्येक वायर हाताने चाचपून पाहिलेली बरी.

कॅप उघडी असतानाच एकदा सेल्फ मारून रोटर फिरतो का, हेही पाहावे. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर आणि पेट्रोलचा यांत्रिक पंप दोन्ही कॅमशाफ्टवर (इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यावर) चालतात. सेल्फ फिरूनही रोटर जागचा हलत नसेल, तर कॅमशाफ्टला फिरवणारा टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी सेल्फ मारणे तिथेच थांबवावे.

ठिणगी ठणठणीत असेल, तर काढलेला प्लगच पुढचे सांगतो. तो पेट्रोलने ओला असेल तर इंजिन ओव्हर झाले आहे, म्हणजे त्यात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेले आहे. प्लग पुसून बसवावेत, चोक पूर्ण आत ढकलावा, अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबून धरावा आणि एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ न मारता मध्ये विश्रांती द्यावी. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. कॉइलची वायर काढून ठेवावी, पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारी नळी सोडून तिचे तोंड बाटलीत धरावे आणि सेल्फ मारून पेट्रोल उसळ्या घेत येते का ते पाहावे. येत नसेल तर टाकीत पेट्रोल आहे का, फिल्टर तुंबला आहे का, हे पाहून मगच पंपाच्या डायफ्रॅमकडे (आतल्या लवचिक पडद्याकडे) वळावे. ऑइलची पट्टी काढून हुंगावी. पेट्रोलचा वास येत असेल, तर फाटका डायफ्रॅम हे त्याचे एक नेहमीचे कारण असते, आणि तसे असल्यास पंपासोबत ऑइलही बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

बाटलीतले पेट्रोल तसेच स्थिर ठेवून उजेडात धरावे. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओल शोषते, आणि पाणी जास्त झाले की इथेनॉलसह ते खाली वेगळे बसते. तळाशी असा थर दिसला, तर टाकी पूर्ण रिकामी करून ताजे पेट्रोल भरणे हाच उपाय आहे. वरून दोन लिटर ओतून भागत नाही.

ठिणगी निळी आहे, ताजे पेट्रोल पंपातून जोमाने येते आहे आणि तरीही प्लग कोरडाच राहतो, असे झाले तरच कार्ब्युरेटर उघडावा. तेव्हाही सुईझडप आणि जेट यांत साचलेला चिकट राप साफ करून नवी गॅस्केट किट घालून घ्यावी. मूळ कार्ब्युरेटर गॅरेजमध्ये सोडून येऊ नये; त्याचे अंग तडकलेले नसेल, तर तो दुरुस्त होतो.