'आमच्यात तसलं काय नसतंय'

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात सोशिओलॉजीत एमए करतेय. प्रोजेक्टसाठी शिवाजी पेठ आणि करवीर तालुक्यातलं एक गाव घेतलंय, वर्षभरात कुणावर काय गुन्हा घडला नि किती जण पोलिसांत गेले हे विचारायचंय. इंग्रजी प्रश्नावली मराठीत करून 20 घरं फिरले तर सगळीकडं एकच, "आमच्यात तसलं काय नसतंय बघा". एका काकूंनी मात्र चहा झाल्यावर, मी चप्पल घालताना सांगितलं की भिशीत 40 हजार बुडाले. आता काय करू?

उत्तर : अगं, काकूंनी तुला प्रश्नावलीची चूकच दाखवली की! 'गुन्हा' शब्द आधी खोडून टाक. आपल्याकडं गुन्हा म्हणजे खून, दरोडा, पेपरात येतं ते. भिशीवाला पळाला तर 'पैसे बुडाले', विहिरीवरची मोटर गेली तर 'कुणीतरी नेली', आणि नवऱ्यानं मारलं तर ते 'घरातलं'. म्हणून घटना विचार, मोटर-केबल गेली का, गर्दीत मंगळसूत्र ओढलं का, ओटीपी सांगून खात्यातनं पैसे गेले का. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पण हेच करतात, ढकललं का, थप्पड मारली का, हात पिरगळला का असं एकेक विचारतात, तेही घरातल्या एकाच बाईला आणि एकांतात.

आता पेठेत एकांत कुठनं आणायचा, तू टेकलीस की सासूबाई, शेजारीण, दोन पोरं हजर! मैत्रिणीला सोबत ने, तिनं सासूबाईंना गुडघेदुखीवर बोलतं करावं. तरी कोण आत आलंच तर लगेच नळाच्या पाण्यावर ये, आणि जमत नसेल तर मारहाणीचे प्रश्न सोडून दे, तू गेल्यावर त्या बाईला तिथंच राहायचंय.

'गेल्या 12 महिन्यांत' असं कोण मोजत नाही. मागच्या जोतिबाच्या यात्रेपासून, असं विचार. मोठी घटना लोकांना कालची वाटते, 2019 च्या पुरातली चोरी पण गेल्या वर्षात ढकलतात. तुझ्यासारखंच लोकांना 'तुमच्यावर काय गुन्हा घडला' विचारणाऱ्या आंतरराष्ट्रीय सर्व्हेत (1989 ला सुरू झाला, 1992 ला त्यात मुंबई पण होती) आधी 5 वर्षांचं विचारायचे नि मग नेमकं कधी ते, त्यानं हा घोळ कमी होतो. आणि सगळे हो-नाहीवाले प्रश्न आधी संपव, तपशील मागनं. नाहीतर 'हो' म्हटलं की पाच प्रश्न वाढतात हे दुसऱ्याच प्रश्नाला कळतं आणि पुढं सगळं 'नाही'.

पोलिसांत का नाही गेला असं तर विचारूच नको, उलटतपासणी वाटते. "मग पुढं काय केलं?" एवढंच. कोण तालमीतल्या पोरांकडं गेलं असेल, कोण नगरसेवकाकडं, गावात पोलीस पाटील नाहीतर तंटामुक्ती समितीकडं, आणि फॉर्ममध्ये यातल्या एकालाही जागा नाही. 'पोलिसांत दिलं' म्हणाले तर एफआयआरची कॉपी मिळाली का तेवढं विचार, बऱ्याचदा नुसता अर्ज दिलेला असतो किंवा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद.

प्रश्न : एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे) आकडे असताना हे सर्व्हे कशाला? (एक निवृत्त शिक्षक, इचलकरंजी)

उत्तर : सर, त्यांच्या 'क्राइम इन इंडिया' या 1953 पासूनच्या वार्षिक अहवालात पोलिसांत नोंदलेलेच गुन्हे येतात, वरच्या काकूंचे 40 हजार त्यात कुठंच नाहीत. आकडा वाढला तर गुन्हे वाढले की तक्रारी, हे त्यावरनं कळत नाही. ब्रिटननं 1982 पासून घरोघरी विचारायला घेतलं ते याचसाठी. खुनाला मात्र पोलिसांचाच आकडा लागतो, तिथं विचारायचं कुणाला!