तो ओटीपी कोणाचा?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजार भागातून एका निवृत्त अभियंत्यांचे आठ पानी पत्र आले आहे. मोठ्या कंपन्या आपली माहिती न विचारता गोळा करतात, राजकीय पक्ष त्याच माहितीच्या जोरावर मतदारांना हवे तिकडे वळवतात आणि घरात मात्र हे कोणी मनावर घेत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारा मुलगा फोनवर विषय बदलतो, पत्नी बोलणे अर्ध्यावर सोडून स्वयंपाकघरात निघून जाते. ‘माझ्याच घरात माझ्या विचारांना किंमत का नाही?’ असे त्यांनी विचारले आहे.

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली मते मला बहुतांशी पटतात, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते मतभेदापोटी नाही, हे आपल्या ध्यानात येईल. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला, याचा दाखला आपण दिला आहे. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२१ मध्ये नव्या अटी मान्य करण्याची सक्ती केली आणि त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या मालक मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, हेही आपण अचूक लिहिले आहे. ‘दुसरा मार्गच ठेवलेला नसताना दिलेल्या होकाराला संमती म्हणत नाहीत’ हे आपले वाक्य तर मी पेन्सिलीने अधोरेखित केले.

आणि मग सहावे पान आले. तेथे आपण जाता जाता लिहिले आहे की, कमाटी बागेत सकाळी याच विषयावर चर्चा रंगात आली असताना ‘हिचा फोन आला, औषधे मागवत होती, ओटीपी विचारला, तो सांगण्यात माझा मुद्दा राहून गेला’. खाते वहिनींचे, त्यात येणारे निवृत्तिवेतन वहिनींचे, पण बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक आपला, कारण ‘तिला त्यातले कळत नाही, घोळ नको म्हणून मीच बघतो’. दुसऱ्या पानावर आपणच लिहिले होते की त्यांनी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले.

मला त्या सकाळपलीकडे काही दिसेनासे झाले आहे. घरात एक बाई हातात स्वतःचे कार्ड घेऊन, चष्मा लावून, स्वतःच्या पैशांनी औषध घेण्यासाठी पतीचा फोन लागण्याची वाट पाहत बसली आहे, कारण ते सहा आकडे दोन-चार मिनिटांत बाद होणार आहेत. इकडे बाकावर तिचा पती, जो आकडा कोणालाही सांगू नका असे बँक बजावत असते, तोच चार मित्रांसमोर मोठ्याने वाचून दाखवतो आहे आणि आपला मुद्दा राहिला म्हणून खट्टू होतो आहे. वहिनींनी बहिणीला किती पैसे पाठवले, कोणत्या दुकानातून काय घेतले, याचा प्रत्येक संदेश प्रथम आपल्या खिशात वाजतो. आपल्या वाढदिवसासाठी गुपचूप एखादा सदरा घ्यावा असे त्यांना वाटले, तर तेही त्यांना करता येत नाही.

नवराबायकोत कसला आला खासगीपणा, असे आपण म्हणाल. मी काळजीपोटीच करतो, असेही म्हणाल. ग्राहकाच्या सोयीसाठीच आम्ही सारे करतो, असे कंपन्याही म्हणतात, आणि ते आपण तीन पाने भरून खोडून काढले आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने आणि समजून-उमजून दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे. वहिनींना आपण कधी विचारले होते? आठ पानांत तसे एकही वाक्य नाही.

शिवाय यात धोकाही आहे. ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीत बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर भार पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिले. वहिनींच्या खात्यातून उद्या पैसे गेले तर तो संदेश त्यांना येणारच नाही. तो आपल्याला येईल, आणि आपण तो चर्चेच्या भरात न वाचता सरकवून द्याल.

ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली मुलींसाठीसुद्धा प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच्या राजधानीत राहून शिकल्या-सवरलेल्या, दुसऱ्यांना शिकवलेल्या बाईला आपला आकडा दुसऱ्याकडून ऐकून घ्यावा लागतो, याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

मुलाचे आणि राजकारणाचे नंतर पाहू. वहिनी उठून आत का जातात, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायला आवडेल. आपण मात्र येत्या सोमवारी एवढेच करायचे आहे. त्यांनी ज्या फोनवरून आपल्याला बागेत गाठले, त्याच फोनचा क्रमांक बँकेत नोंदवायचा आहे. पासबुक आणि ओळखपत्र घेऊन दोघांनी शाखेत जावे. अर्ज वहिनींनी भरावा. पेन आपल्या हातात घेऊ नका, आणि काउंटरवरच्या माणसाने आपल्याकडे पाहून प्रश्न विचारला तर उत्तर वहिनींना देऊ द्या. नंतर त्या कार्डाचा पिन बदलायला एटीएममध्ये जातील, तेव्हा आपण बाहेर थांबा. सुरुवातीला एक-दोन वेळा काही अडले आणि त्यांनी विचारले, तर समजावून सांगा आणि फोन त्यांच्या हातातच राहू द्या. त्यांच्या खात्याचे जे जुने संदेश आपल्या फोनमध्ये साठले आहेत, ते त्याच संध्याकाळी पुसून टाका, आणि पुसताना वाचू नका.